राखेची खोली

५ जानेवारी १९७५
साखर कारखान्याच्या चेअरमनच्या केबिनमध्ये पाऊण तास उभा. (यापुढे नुसतं चे. लिहीन. पूर्ण शब्दाइतकी त्या माणसाची लायकी नाही.) बॉयलरमध्ये उसाचा चोथा जळून उरलेली राख, तिच्यात चुना, पाचवा हिस्सा सिमेंट. त्याची वडी टेबलावर आपटून दाखवली. टेबलाची काच गेली, वडी शाबूत. चे. म्हणाला, "आवो केमिस्टसाहेब, राखंनं भांडी घासत्यात, घरं न्हाईत बांधत." सगळे हसले. हसण्याचाच पगार घेतात.

सिमेंट परमिटवर, आणि परमिट कुणाच्या खिशात ते सगळ्यांना ठाऊक. सिमेंट भाजायला रेल्वेच्या वाघिणी भरभरून कोळसा लागतो. ही राख आधीच जळून आलेली, फुकटची. हे चे.च्या टाळक्यात शिरायला तिसरी खेप लागली. शेवटी एक खोली मंजूर. उभी राहिली तर पत्र्याच्या शेडमधल्या कामगारांना अशाच बारा. नाहीतर राख पुन्हा नदीकाठच्या खड्ड्यात, आणि मी हसण्यावारी.

१४ जानेवारी
संक्रांत. चे.ने तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगितलं. त्याने!

मिश्रण दळून तयार. भरायला पोती नाहीत. ओव्हरसियरने सिमेंटची रिकामी पोतीसुद्धा विकून खाल्लीत. मीच गोदामातली साखरेची बाद झालेली पोती झटकून घेतली. या कारखान्यात डोकं फक्त एका माणसाला दिलंय, असं कधीकधी वाटतं.

२० जानेवारी
गवंडी आला. दस्तगीर मिस्त्री, साठीचा. बापजाद्यांपासून चुन्याचं काम. मिश्रण चिमटीत घेऊन म्हणाला, "सायेब, चुन्याला गुळाचं पानी पाजाय लागतंय की. आमचा आज्जा पाजायचा." मी सगळ्यांसमोर झापला. म्हटलं, हे शास्त्र आहे, पुरणपोळी नव्हे. यात गोडाचा कणही पडला तर सिमेंट धरणार नाही. बरं म्हणाला. ओळंबा मात्र झकास धरतो, हे कबूल.

२९ जानेवारी
लिहवत नाही.

मुंबईचे कोणी साहेब पन्हाळ्यावर हवा खाऊन, येता येता खोली बघायला आले. चे.ने कौतुकाने भिंतीवर हात ठेवला. चार विटा त्याच्या हातात. सांध्यातला मसाला ओला, बोट घातलं की आत जातंय. प्रयोगशाळेतली वडी तिसऱ्या दिवशी दगड झालेली, आणि ही नऊ दिवसांची भिंत! साहेबाने रुमालाने हात पुसले. चे. म्हणाला, "आता भांडी घासा." प्रयोगशाळेत जाऊन रडलो. हो, रडलो.

३० जानेवारी
भिंतीतला मसाला आणून तपासला. बॉयलरच्या पाण्यात साखर उतरली का, हे बघायची आमची रोजचीच चाचणी. नळीत जांभळं कडं उमटलं. साखर!

म्हणजे म्हाताऱ्याने शेवटी गूळ पाजलाच. बोलावून विचारलं. "पोरांच्या गळ्याची आन, न्हाई घातला." खोटारडा. तासाभरात अहवाल लिहिला: मिश्रण निर्दोष, गवंड्याने सूचना डावलून गुळाचं पाणी घातलं. चे.ने न वाचता सही केली आणि त्याला कारखान्याच्या कामावरून काढलं. पहिल्यांदाच आमचं एकमत.

६ फेब्रुवारी
शिपाई सांगत होता, गावात त्याला आता 'गूळगवंडी' म्हणतात. जनावरांचा गोठा बांधायला घेतला होता, तेही काम दुसऱ्याला दिलं. आपल्या कर्माने झालं. अडाणीपणाची कीव करायची तरी किती.

१९ फेब्रुवारी
प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उरलेल्या मिश्रणाचं एक पोतं. न उघडलेलं. त्याला मुंग्यांची रांग.

वाकून बघितलं. मग पोत्याची शिवण उसवली. ज्यूटच्या आत साखर चिकटून, गोळे झालेली. मिश्रणाची चाचणी केली. जांभळं कडं. परत केली. परत तेच.

वडीचं मिश्रण काचेच्या बरणीतलं होतं. पोती मी आणली. मी झटकली. साखर कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या केमिस्टने साखरेच्या पोत्यात सिमेंट भरलं, आणि गवंड्याला शास्त्र शिकवलं.

२१ फेब्रुवारी
चे.ला सांगितलं. आधी तो पोट धरून हसला, मग दार लोटून म्हणाला, "मिटलं न्हवं का आता? गवंडी गेला, तुमी ऱ्हायला. कशाला उकरताय? बोर्डात तुमचंच नाव जाईल." माझी काळजी वाहणारा हा एकच माणूस उरलाय. किळस आली. तरी बाहेर पडताना दार मीच नीट लोटून घेतलं.

हिशोब साधा आहे. खरं सांगितलं तर मिश्रण सुटतं, मिस्त्री सुटतो, बारा खोल्यांचं पुन्हा बोलता येतं. अडकतो फक्त मी. तरी दोन दिवस झोप नाही, आणि कागद कोरा.

२ मार्च
उद्या संचालक बोर्डाची मीटिंग. विषय: राख खड्ड्यात टाकणे. शेवटी कबुलीच्या चार ओळी लिहिल्या. कोटाच्या खिशात आहेत.

संध्याकाळी सायकलवरून मिस्त्रीच्या गावी गेलो, त्याला आधी सांगावं म्हणून. दारात खाट टाकून बसला होता. हातात थापी नाही, दुसऱ्याच्या घरच्या शेंगा मजुरीवर फोडत होता. मला बघून उठला. "या सायेब, बसा." आत हाक मारून चहा सांगितला. शिव्या दिल्या असत्या तर बोलणं सोपं गेलं असतं.

चहा झाल्यावर त्यानेच विचारलं. "सायेब, एक इच्यारू का? मी तर गूळ घातला न्हाई. मग त्यात साखर आली कुठनं ओ?"

"तपास चालू आहे," म्हणालो.

"मग घावंल की," म्हातारा म्हणाला. "तुमी शिकल्याला मानूस. तुमीच काढशीला हुडकून."

मी मान डोलावली आणि सायकल काढली.