सुपडूचं दुसरं नाव

जळगाव,
२१ फेब्रुवारी १९९९

प्रिय मंजुळा,

कमल सुखरूप आहे आणि बाळही. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचेपर्यंत तुझा जीव टांगणीला लागायचा. मुलगी झाली. नाक माझं आणि आवाज थेट आमच्या आईचा. रडायला लागली की अख्ख्या गल्लीला कळतं. फोनवर सगळं सांगता आलं असतं, पण एसटीडी बूथवर मागे लोक उभे असताना मला रडू फुटलं असतं, म्हणून लिहायला बसलो.

दिवाळीला तू पुण्याहून आलीस ती म्हणे सुट्टीसाठी, आणि फराळाला हात लावायच्या आधी माझ्या दुकानातला कॉम्प्युटर ताब्यात घेतलास. रक्तपेढीची रक्तदात्यांची यादी मी फॉक्सप्रो नावाच्या प्रोग्रॅममध्ये बसवलेली. नावाचा एक रकाना, गावाचा एक, रक्तगटाचा एक. मला केवढा अभिमान तिचा! तू बघितलीस आणि नाक मुरडलंस. म्हणालीस, रुपचंद, आपल्या खान्देशात माणसाला एकच नाव असतं का रे? शाळेच्या दाखल्यावर एक, गावात दुसरं, आणि दाखल्यावरचं नाव बायकोलाही धड ठाऊक नसतं. मग मला ते तुझं नवं एक्सएमएल शिकवलंस. प्रत्येक माहितीला एक टॅग, म्हणजे कंसातली खूण, उघडायचा आणि शेवटी तो बंद करायचा, आणि एकाच माणसाच्या पोटात हवी तेवढी नावं घालायची. मी वाद घातला की हे जुन्या यादीला नावांचं दुसरं टेबल जोडूनही झालं असतं. आजही तेच म्हणतो. पण ते टेबल काही मी केलं नव्हतं बाई. तू केलंस.

आणि नुसतं मशीनवर नाही केलंस. धरणगावच्या रक्तदान शिबिरात दिवसभर उभी राहून एकेकाला विचारत होतीस, घरी काय म्हणतात तुम्हाला? बाप्ये लाजायचे, बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पेढीचे शालिग्रामनाना वैतागले होते, रक्त घ्यायला आलोय की लाडाची नावं गोळा करायला! तू हसून पुढच्याकडे वळलीस. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेली पोरगी, पण माणसं कशी बोलती करावीत हे तुझ्याकडून शिकावं.

आता कमलचं. बाळंतपण झालं आणि रक्त थांबेना. तिचा गट बी निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची बाटली शिल्लक नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तासाभरात दाता आणा. पेढीच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली तर त्या गटाचा जवळचा एकच माणूस निघाला, यशवंत आधार महाजन, धरणगाव. त्याच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचा नंबरही तूच लिहून ठेवलेला. फोन लावला. दुकानदार निंबाभाऊ म्हणाले, या नावाचा माणूस आमच्या गल्लीतच काय, गावातही नाही. मंजुळा, खरं सांगतो, मी आशाच सोडली. फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात त्याच नोंदीत खाली तुझा दुसरा टॅग दिसला. घरचं नाव, सुपडू. मी फोनमध्ये ओरडलोच, सुपडू! तर तिकडून निंबाभाऊ म्हणतात, आसं बोला ना भाऊ, सुपडू ते आठेच बठेल शे! तिथेच दुकानात बसलेला होता गं तो!

सुपडूभाऊ कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आला. कापसाच्या जिनिंग मिलमधून नुकताच सुटलेला, अंगावरच्या सदऱ्याला कापूस चिकटलेला. सुई टोचून घेतली, बाटलीभर रक्त दिलं, चहा घेतला, आणि मी हात जोडले तर मलाच दटावलं, पहिले वहिनीकडे जा. संध्याकाळी कमलने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर तुम्ही जेवले का. मी तिथेच ढसाढसा रडलो.

लोक सुपडूभाऊचं कौतुक करतात, करायलाच हवं. पण तो माणूस मला सापडला तो तुझ्यामुळे. दात्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या परक्या माणसाचं घरचं नाव विचारावं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तुझ्यासारखी हुशार माणसं खूप असतील, पण हुशारीला इतकी माया असलेली मी दुसरी पाहिली नाही.

आता पत्राचं खरं कारण. आईने नातीला आत्ताच सुपडी म्हणायला सुरुवात केलीय, कुणाचं ऐकत नाही. पण दाखल्यावरचं नाव आत्याने ठेवायचं असतं, आणि मला बहीण नाही. कमल म्हणाली, नाही कशी, पुण्यात आहे ना. आई म्हणाली, तिला सांग, पोरीच्या कानात नाव तूच सांगायचं आणि पाठीवर धपाटेही तूच खायचे. पुढच्या रविवारी बारसं आहे. काल मी पोरीची एक फाइल केली. घरचं नाव भरलं. दुसऱ्या नावाचा टॅग उघडून तसाच सोडलाय. बंद केल्याशिवाय फाइल चालत नाही, हे तूच शिकवलंस. तेव्हा ये आणि बंद कर.

वाट बघणारा, तुझाच भाऊ,
रुपचंद