सोळा नंबरचा श्वास

१९ जून, बुधवार

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या बापाची दाढ काढली, त्यामुळे दोन दिवस घरात शांतता आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. चौथीपर्यंतच शाळा, त्यातही अर्धा वेळ बाकावर उभी.

रविवारी फोनवर तू वैतागली होतीस. फुप्फुसाच्या कॅन्सरला रेडिएशन देताना गाठ श्वासाबरोबर किती हलते, यावरचा तुझा पहिला अभ्यास. तीन हॉस्पिटलांतून नावं झाकून आकडे येतात, आणि त्यातला एक सोळा नंबर सगळ्यावर पाणी फिरवतोय. स्कॅनला श्वास पट्टीने आखल्यासारखा, उपचाराच्या दिवशी दारुड्याच्या चालीसारखा. तुझे मोठे डॉक्टर म्हणाले, तो गाळ आणि शुक्रवारी पेपर पाठव. मी हं हं करून फोन ठेवला.

गाळू नकोस. त्या सोळा नंबरला मी ओळखते. म्हातारी आहे, जिभेने तिखट. स्कॅनच्या वेळी मशीनवरची मुलगी म्हणाली, "आजी, नेहमीसारखा श्वास घ्या." आता नेहमीचा कसा असतो हे कुणी बघून ठेवलंय? फॉर्मवर नातीच्या संस्थेचं नाव वाचूनच म्हातारीने सही केली होती. तिला वाटलं, नातीकडे गबाळा श्वास कशाला जावा. मनात आकडे मोजत छान, सारखा घेतला; उपचाराला मात्र रोज कोण मोजत बसणार. नातीचं भलं करायला गेली ती अशी.

तर ती मी, फाइलवर सोळाच लिहिलंय. आजार कळून दोन महिने झाले. तुझ्या बापाला मीच गप्प बसवलं, भांडायचं तर माझ्याशी भांड. तू सगळं टाकून येऊन उशाशी रडत बसली असतीस. रडून गाठ विरघळत असती तर आपल्या घराण्यात कुणी आजारीच पडलं नसतं.

पण ठमे, काय गं हे तुमचं काम. तुझ्याच वयाची डॉक्टरीण आहे इथे, तिने पडद्यावर दाखवलं. फुप्फुस वर-खाली होतंय आणि त्यात तो ठिपका, बोटभर वर, बोटभर खाली. सत्त्याहत्तर वर्षं श्वास घेतला, बघितला पहिल्यांदा. मी खोकले की ते घरभर मोठं मशीन थांबतं. श्वास जागेवर आला की परत चालू. तुझे आजोबा रस्त्याने चार पावलं पुढे चालायचे, मागे वळूनही बघायचे नाहीत. आणि हे धूड माझ्या एका खोकल्यासाठी थांबतं.  

काल त्या मशीनवरच्या मुलीला खरं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, नवा स्कॅन काढला. बाहेर बाकावर उपचाराला नंबर लावून बसलेल्या बस ड्रायव्हरला विचारलं, तर तोही फोटोला पोट आत घेतात तसा श्वास घेतो म्हणे. आणखी दोघी तशाच निघाल्या. हे तुझ्या पेपरात घाल. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

पत्र कुरियरने उद्या पोचेल. शुक्रवारी पेपर पाठव, शनिवारी निघ. त्याआधी आलीस तर दार उघडणार नाही.

मी बरी होईन का, हे इथे कुणी धड सांगत नाही, मीही विचारलेलं नाही. माझे आकडे तुझ्यासमोर आहेत. त्यात जे दिसेल ते मला तोंडावर सांग, गोड करून नको.

तुझ्या शब्दावर भरवसा ठेवून बसलेली,
आजी