एदिक दाराशी काय म्हणाला

मी, युस्टिना याकोब फास्ट, वय एक्याऐंशी, पूर्वीचा धंदा सामुदायिक शेताच्या गोठ्यात धारा काढणे, हल्लीचा धंदा अंथरुणात पडून राहणे, राहणार झेलेनोये, चुय खोरे, किर्गिझस्तान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. पाय नाहीत, पण कायद्याला पाय लागत नाहीत. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात आहे कोण? नर्सबाई म्हणतात, "आजी, वसंतात अंगणात बसाल तुम्ही." त्या खोटं बोलताना कान खाजवतात, म्हणून आजच लिहायला घेतले.

कलम पहिले. माझी गाय झोर्का हिचा ताबा माझ्या पश्चात शेजारीण बुरुलकान हिच्याकडे जावा. डाव्या बाजूला बसलं तर ती लाथ मारते, हे बुरुलकानला ठाऊक आहे. बुरुलकानच्या बकरीने माझी कोबी लागोपाठ दोन वर्षे फस्त केली, आणि ही बाई आजतागायत म्हणते, "माझी बकरी तसली नाही." ते मी माफ केले आहे, अगदी मनापासून. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचून कोणाला वाटेल की या म्हातारीला माफ करताच येत नाही. येते.

कलम दुसरे. भिंतीवरचे आजोबांचे घड्याळ माझी धाकटी बहीण लेना हिला जर्मनीत पाठवावे. ती दर सणाला फोन करते आणि पहिला प्रश्न हाच, "युस्टा, घड्याळ चालतंय ना गं?" बहीण चालते का, हे मागाहून. घेऊन जा बाई एकदाचं. वाटेत काच फुटली तर मला बोल लावू नये, मी नसेन.

कलम तिसरे. मलई काढायचे यंत्र, शेवयांचा पाट आणि दोन्ही कढया बुरुलकानच्या सुनेला, आइझादाला. चहाच्या डब्यातले पैसे पुरण्याच्या खर्चासाठी आहेत. आलेल्या सगळ्यांना चहा आणि आमचे एकावर एक बसवलेले पाव मिळावेत, आणि लोणी लावताना हात आखडू नये. मयताच्या घरून लोक उपाशी परतले तर वर्षभर तेवढेच बोलत बसतात.

कलम चौथे. मला दफनभूमीत आईवडिलांच्या शेजारी पुरू नये. तिथली माझी राखलेली जागा कोणालाही द्यावी. मला कुंपणाला लागून, माझा मुलगा एडुआर्ड, म्हणजे एदिक, याच्या शेजारी पुरावे.

एदिक कुंपणाशी का, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवे. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माणूस जन्माने आत येत नाही. मोठा झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर गुडघे टेकून, स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने पश्चात्ताप करायचा, तेव्हा तो आमचा. ज्याने केला नाही तो आईला कितीही लाडका असो, त्याच्या कबरीवर कोणी गीत गात नाही आणि त्याला जागा कुंपणाशी मिळते.

एदिक ट्रक चालवायचा. प्यायचा, सिगारेट ओढायचा, तोंडाचा फटकळ. पण हिवाळ्याआधी माझे सरपण फोडून रचून द्यायला कधी विसरला नाही. "आई, तुझ्या देवाला सांग, घाटात जरा बेतानं बर्फ पाड म्हणावं," असे म्हणून हसायचा. १९८४ च्या जानेवारीत त्याच घाटात त्याचा ट्रक घसरला. टोपी तेवढी धड परत आली. त्याला पुरताना मी एकटीने गीत सुरू केले, तेव्हा आमचे पाळक वीबे यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी गप्प झाले. खड्डा बुजवणाऱ्यांत मंडळीतला इसाक लोवेनही होता, खाली मान घालून फावडे मारत होता. त्या दिवसापासून माझा मुलगा नरकात आहे असे धरून मी जगले. रोज सकाळी चूल पेटवताना मला तेच आठवायचे.

कलम पाचवे. हे इसाक लोवेनविषयी आहे.

इसाक तेव्हा प्रार्थनागृहाच्या दाराशी उभा असायचा. कोणी झिंगून आला तर त्याला बाहेरच थोपवायचे, हे त्याचे काम. पुढे सोव्हिएत देश फुटला, आणि आम्ही मूळचे जर्मन, म्हणून निम्मे गाव जर्मनीला निघाले. जाणारा माणूस जाण्याआधी मंडळीपुढे मन मोकळे करून जायचा. कोणी चारा चोरलेला असायचा, कोणी बायकोवर हात उचललेला. आमचा नियम असा की कबुली देताना दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही, उगाच गावभर चर्चा नको. सगळे "आमेन" म्हणाले की क्षमा झाली. आणि क्षमा झालेली गोष्ट पुन्हा कोणी तोंडावर आणली, तर पाप आणणाऱ्याचे.

इसाकनेही सामान बांधले होते. १९९३ च्या वसंतात तो पुढे आला, गुडघ्यांवर पडला आणि म्हणाला, "एक जण पश्चात्ताप करायला दाराशी आला होता. मी त्याला परत पाठवला. तो पुन्हा आला नाही." एवढे बोलून असा हमसून रडला की बायकांना डोक्यावरचे रुमाल सोडून डोळे पुसावे लागले. मीही रडले. मनात म्हटले, कोण बिचारी त्या मुलाची आई असेल! आणि सगळ्यांबरोबर मोठ्याने "आमेन" म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात बुरुलकान आणि मी जर्दाळू वाळत घालत होतो. एदिकचा विषय निघाला.

"मी त्याला शेवटचं पाहिलं ते ट्रक घसरला त्याच्या आदल्या रविवारी," ती म्हणाली. "तुमच्या प्रार्थनेच्या घरापुढं उभा होता की. बर्फात. टोपी काढून हातात धरलेली."

"कोण?"

"एदिक गं! मी म्हटलं, हा आज इकडं कुठं वाट चुकला? मग इसाक बाहेर आला, काहीतरी बोलणं झालं, आणि पोरगं निघून गेलं. टोपी तशीच हातात."

"प्यायलेला होता?"

"मला काय ठाऊक? सरळ उभा होता एवढं खरं." मग माझ्या तोंडाकडे पाहून तिच्या हातातले जर्दाळू तसेच राहिले. "अगं बाई, तुला माहीतच नव्हतं? मला वाटलं तुमच्यात काही नियम असेल, म्हणून तू बोलत नाहीस."

नियम होताच.

मी तशीच, चिकट हातांनी, पाळक वीबे यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "युस्टिना, ते आता झाकलं गेलं. तू स्वतः आमेन म्हणालीस. मी ऐकलं."

"तो माझा मुलगा होता हे मला कुठे माहीत होतं?"

"क्षमा काय नाव विचारून करतात?"

मी म्हटले, मला इसाकला एकच गोष्ट विचारायची आहे: एदिक दाराशी काय म्हणाला? कारण पश्चात्तापाचे शब्द त्याच्या तोंडून निघाले असतील, एका माणसासमोर का होईना, उंबऱ्याच्या बाहेर का होईना, तर देवाने ते धरले असतील. निघाले नसतील, तर माझे पोर जिथे आहे तिथेच आहे. पाळक म्हणाले, "ते विचारणं म्हणजेच उकरणं." आणि मला दारापर्यंत पोचवायला आले.

कलम सहावे. हे कोणाला काही देण्याविषयी नाही, पण लिहिते.

आमच्यात प्रभुभोजनाला बसायचे तर सगळ्यांशी समेट झालेला असावा लागतो. माझा इसाकशी नव्हता, म्हणून भाकरीचे ताट माझ्यापुढून तसेच पुढे जाऊ लागले. शेजारच्या बायका सरकून बसायच्या. शेवटी एका रविवारी मीच पुढे जाऊन गुडघे टेकले आणि म्हणाले, "मी मनात कडवटपणा धरला. क्षमा करा." सगळे आनंदाने रडले, इसाक सर्वांत जास्त. माझ्या तोंडातले शब्द खोटे होते. आता त्या खोटेपणाचा पश्चात्ताप करायचा तर पहिल्यापासून सगळे उकरावे लागते, आणि उकरायला बंदी. अशी मी अडकले ती अडकलेच. देवाला रोज सांगते. तो ऐकतो की नाही, कळायला मार्ग नाही.

इसाक जर्मनीला गेलाच नाही. बांधलेले सामान त्याने सोडले. वीबे गेल्यावर तोच पाळक झाला. जुने प्रार्थनागृह विकले गेल्यापासून मंडळी माझ्याच पुढच्या खोलीत जमते, आणि भिंतीपलीकडे पडून मी त्याचा उपदेश ऐकते. चांगला बोलतो मेला. म्हणतो, "अपराधाची टोचणी ही देवाची देणगी आहे. ती लागेपर्यंत माणूस वाढत नाही." आणि त्याच्याकडे पाहिले तर ते खरेही वाटते. पूर्वीचा ताठ इसाक राहिला नाही. गावातला कसलाही दारुडा दाराशी आला की हा त्याला कवेत घेऊन आत आणतो, पुढच्या बाकावर बसवतो. दोघे माझ्या सतरंजीवर ओकलेही आहेत, धुतली यानेच. लोक म्हणतात, पश्चात्तापाचं फळ बघायचं तर इसाकमध्ये बघा. मी पडल्या पडल्या म्हणते, हो, फळ त्याचं आणि खत माझ्या पोराचं.

कलम सातवे. हे घर, अंगण, विहीर आणि मागची जर्दाळूची झाडे मी माझ्या पश्चात मंडळीला देत आहे, एका अटीवर. इसाक लोवेन याने माझ्या हयातीत, माझ्यासमोर बसून, त्या रविवारी एदिक दाराशी काय म्हणाला ते शब्दन् शब्द सांगावे. तो नियमाला चिकटून राहिला तर घर लेनाला जाईल. ती ते विकून टाकील, आणि मंडळीने कुठे बसायचे ते इसाकने पाहावे.

देवाच्या माणसांना रस्त्यावर काढायची धमकी देते आहे, याची मला लाज वाटते. पण माझ्या हातात दुसरे आहे काय?

कलम आठवे. वरील अट मी याद्वारे मागे घेत आहे. कारण लिहून ठेवते.

आज दुपारी साक्षीसाठी बुरुलकानला बोलावले, आणि इसाकलाही. त्याने सातवे कलम उभ्या उभ्या वाचले, मग खुर्ची न बघता पेटीवरच बसला.

"सांगून टाक की रे बाबा," बुरुलकान म्हणाली. "तुझं काय जातंय? म्हातारी मरायला टेकलीय."

"ताई," इसाक मला म्हणाला, "नियम गेला चुलीत. नियमाचं असतं तर मी केव्हाच तुमच्या पायाशी येऊन बोललो असतो."

"मग बोल."

"मी काय म्हटलं ते आठवतं. 'आधी वास घालवून ये, पुढच्या रविवारी बघू.' हे मला रोज ऐकू येतं, माझ्याच आवाजात. त्याचे बूट आठवतात, एकाची नाडी नव्हती. पण तो काय म्हणाला... नाही आठवत, ताई. पंचवीस वर्षं आठवून बघतोय. तो बोलला होता. बराच वेळ बोलला. मी ऐकत नव्हतो. आत गीत सुरू झालं होतं, माझं लक्ष तिकडं होतं."

बुरुलकान किर्गिझमध्ये काहीतरी बोलली, ते या कागदावर लिहिण्यासारखे नाही.

मी रडले नाही. तो काहीही सांगू शकला असता. 'आई आत आहे का' असं विचारत होता, एवढं जरी म्हणाला असता तरी मी त्याचे हात धरले असते. घर वाचले असते, मी सुखाने मेले असते, आणि पडताळा बघायला कोण येणार होते? तरी तो खोटे बोलला नाही. त्याचा पश्चात्ताप खरा होता, हे मला आज पटले. मला त्याचा काही उपयोग नाही.

तेव्हा घर मंडळीला, बिनशर्त. लेनाने हरकत घेऊ नये, तिला घड्याळ मिळाले आहे. इसाकला मी क्षमा केली असे या कागदात कुठेही लिहिलेले नाही आणि कोणी तसे वाचू नये. केली नाही असेही आज लिहवत नाही. त्याने माझ्या दफनाला बोलावे की नाही, हे त्याने ठरवावे. मला आता काही ठरवायची ताकद राहिलेली नाही.

मंडळीला एक सूचना. उपासनेच्या वेळी कोणी दाराशी येऊन बोलू लागला, तर आतले गीत थांबवावे आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्यावे.

एदिकची टोपी खुंटीवर आहे. शवपेटी बंद करण्याआधी ती माझ्या हातात द्यावी. देवाला एवढीच विनंती आहे की त्याने मला एदिक जिथे असेल तिथे पाठवावे. मग ती जागा कोणतीही असो.

हे सर्व मी शुद्धीवर असताना लिहून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

युस्टिना याकोब फास्ट
झेलेनोये, ८ फेब्रुवारी २००९

साक्षीदार:

बुरुलकान असानोवा, शेजारीण. मजकूर वाचून दाखवला, समजला. कलम पहिल्यातले बकरीचे मान्य नाही.

इसाक हाइनरिख लोवेन. सर्व वाचले. खरे आहे. अजून आठवून बघतो आहे.