नवाबाची टाकी

प्रिय चिऊ,

तुझा नवाब गेला. आधी हेच सांगून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखी आडवळणं घेत बसेन. गुरुवारी सकाळी दुकान उघडलं, तर तळाशी आडवा पडलेला. दारातल्या कुंडीत पुरला आणि दिवसभर एकही काच कापली नाही. हातच चालेना.

तुझ्या लग्नाच्या गडबडीत तू हा ‘बेटा’ जातीचा मासा माझ्या हवाली केलास, तेव्हा तो बरणीत होता. याला मोठी टाकी घ्या म्हणून तू तीनदा बजावलंस. मी गेलोही होतो चौकशीला. वीस लिटरची टाकी, वर झाकण, पाणी कोमट ठेवायला हीटर, हळू चालणारा फिल्टर. दुकानदाराने किंमत सांगितली आणि मी घसा खाकरून बाहेर आलो. लग्नात हात सैल सोडला होता, आता आखडणं भाग होतं. हीटर आणि फिल्टर घेतला, टाकी मात्र म्हटलं आपणच करू. जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या, एका माशाचं घर होणार नाही? तीन बाजूंना उरलेल्या काचा लागल्या. मागच्या बाजूला तुकडा पुरेना. कपाटाच्या दाराचा एक आरसा पडून होता, तो कापून बसवला. दिसायलाही झक्कास, एकाचे दोन नवाब.

आणि काय सांगू, बरणीत मलूल असणारा गडी टाकीत जाताच नाचायला लागला! कल्ले फुगवून, सगळे पर पसरून, दिवसभर आरशापुढे. गिऱ्हाईकं थांबून बघायची. मी छाती पुढे काढून सांगायचो, बघा, किती खूश आहे. तुलाही तेच सांगत आलो.

मग पर फाटायला लागले, खाणं सुटलं. त्या दुकानदाराला विचारलं, तर त्याने कपाळावर हात मारला. हा मासा एकटा राहणारा, आरशातला मासा त्याला घुसखोर वाटतो. तो नाचत नव्हता, चिऊ. चार महिने जिवाच्या आकांताने भांडत होता. त्याच दिवशी आरशावर काळा कागद चिकटवला, पण वरातीमागून घोडं. तुझी आई असती तर तिला पहिल्या दिवशीच कळलं असतं.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. दर रविवारी तुझा फोन स्पीकरवर असतो, जावईबापू शेजारी असतात आणि तू फार हसतेस. इथे तू इतकी कधी हसायची नाहीस. मी फोन ठेवतो आणि शेजारीपाजारी सांगत फिरतो, पोरगी खूश आहे. आता माझ्या नजरेवर माझाच विश्वास उरला नाही. म्हणून हे पत्र तुझ्या घरी न पाठवता, तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. उत्तर तिथूनच लिही. लिहवलं नाही, तर बॅग भर आणि सरळ निघून ये. का आलीस, असं मी विचारणार नाही.

दाराला कडी न लावता बसलेले,
तुझेच बाबा