सात कोरड्या

१८ डिसेंबर

काल काय झालं, तेवढंच.

१. शेवटची लाँच जेट्टीवरून पाच बेचाळीसला सुटली. चालवायला बाबा. प्रवासी एकतीस.
२. पाच पंचेचाळीसला बंदराच्या तोंडाशी, वाळूच्या बांधावर बूड टेकलं.
३. बावीस मिनिटं अडकली. भरतीचं पाणी चढल्यावर आपोआप सुटली.
४. इजा कुणाला नाही. दोन बॅगा भिजल्या.
५. निघण्याआधी बाबांनी जेट्टीच्या पायऱ्या मोजल्या होत्या. सात कोरड्या.
६. कारण कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे.

पुन्हा पुन्हा खोडून लिहिलंय. अक्षर बघून कळतंच आहे.

१९ डिसेंबर

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

बेटावर पाण्याची खोली कुणी मीटरमध्ये मोजत नाही. वरून पायऱ्या मोजतात. सात कोरड्या असतील तर बांधावरून लाँच जाते. आठवी उघडी पडली की थांबायचं. आजोबा असेच जायचे, बाबा असेच जातात. मी बोलायला लागले तेव्हा आकडे याच पायऱ्यांवर शिकले.

ऑक्टोबरमध्ये पायऱ्या नव्याने बांधल्या. बंदर खात्याची इंजिनीअर मी, म्हणून नकाशा माझा, देखरेख माझी, पूर्ततेच्या दाखल्यावर सही माझी. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, बारा कशाला? दहात बसवू. शटरिंग वाचेल, दिवस वाचतील." उंची एकूण तेवढीच. मी मजबुती तपासली, घसरण तपासली, सळई तपासली. हो म्हटलं.

जुनी पायरी वीस सेंटिमीटर. नवी चोवीस.
सात जुन्या — एकशे चाळीस. सात नव्या — एकशे अडुसष्ट.
म्हणजे बाबा "सात कोरड्या" म्हणतात तेव्हा पाणी अठ्ठावीस सेंटिमीटरने कमी असतं. जुन्या हिशेबात बुडाखाली तीस राहायचं. आता दोन!

पायरी ही त्यांची मोजपट्टी होती. मी मोजपट्टी बदलली आणि कुणाला सांगितलं नाही. कारण मला सुचलंच नाही. या बेटावर जन्मलेल्या मला!

एक गोष्ट जुळत नाही. दोन सेंटिमीटर उरत असेल तर लाँच घासायला हवी होती, बावीस मिनिटं अडकायला नको. वारा असेल.

२० डिसेंबर

धुकं. पाहुणे यायला लागलेत, वरच्या खोल्या आम्ही भाड्याने देतो. आई गच्चीवर रजया वाळत घालते आणि खाली येऊन पुन्हा पुन्हा तेच — "वरच्या खोलीचा हीटर बघितलास का?" बघितला. फ्यूज बदलला. हाताला काम असलं की बरं वाटतं.

तिकिटं देणारी मावशी खिडकीत गुडघ्याला शेक देत बसली होती. "अगं, तुझ्या पायऱ्या चढताना जीव जातो बघ. आधी अशा नव्हत्या." रांगेतला कुणीतरी म्हणाला, "चढ तेवढाच आहे मावशी, तुमचं वय वाढलंय." सगळे हसले. मीही हसले. 

गेले दोन महिने अख्ख्या बेटाचे गुडघे खरं सांगताहेत आणि कुणालाच कळत नाहीये.

२२ डिसेंबर

बंदर खात्याची मोजणीची बोट येऊन गेली. आमचे साहेब जेट्टीवर उभं राहूनच म्हणाले, "बांध बोटभरही वाढलेला नाही. कप्तानसाहेब, मोजणीत गडबड झाली तुमच्या."

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

वाळू चढली असेल, ही त्यांची शेवटची आशा होती. आता उरली त्यांची नजर. किंवा डोकं.

जेवताना आई म्हणाली, "अहो, डोळे तपासून घ्या ना एकदा." बाबा म्हणाले, "डोळे नाहीत गं. माझ्या बापाला शेवटी स्वतःच्या घराचं दार सापडत नव्हतं. सुरुवात अशीच झाली होती. आकड्यांपासून." मग ताट तसंच ठेवून उठले.

त्यांची शीळ बंद आहे. सतरा तारखेपासून.

२३ डिसेंबर

सांगायचंच ठरवून खाली गेले. बाबा स्वयंपाकघरात उभे होते, ओट्यावर वाटाण्याचे दाणे मांडून मोजत होते. एक ते सात. पुन्हा एक ते सात.

"बाबा, पायऱ्यांबद्दल—"

"पायऱ्यांचं नाव काढू नकोस पोरी. आज तरी."

मी लगेच गप्प बसले. किती लगेच! जणू सुट्टी मिळाली. जानेवारीत माझी नोकरी कायम होणार आहे. ऑर्डर साहेबांच्या टेबलावर आहे. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे कबूल करणार?

२५ डिसेंबर

ओहोटी उथळ. पाचवीच्या खाली एकही पायरी उघडी पडत नाही. चार दिवस कुणीही कसंही गेलं तरी चालेल. झोप लागली.

२६ डिसेंबर

आज एक काम केलं. उजाडताना, कुणी नसताना. टेप लावून जेट्टीच्या भिंतीवर वरून बरोबर एकशे चाळीसवर लाल रंगाची आडवी रेघ मारली. पाणी रेघेला लागलं की निघा. सांगणाराच नको.

दुपारी मावशी: "जेट्टीला लिपस्टिक कुणी लावली गं?"
मी: "खात्याची खूण असेल."
मावशी: "खात्याला शोभतं! नटवतील, पण रांगेवर छप्पर घालणार नाहीत."

बाबांनी रेघेकडे पाहिलं. मग पायऱ्या मोजायला लागले. ते रेघा बघत नाहीत, पायऱ्या बघतात.

२८ डिसेंबर

रेघ गेली. वर्षअखेरीचे पाहुणे येणार म्हणून जेट्टीला पांढरा रंग फासला. छान दिसते, असं सगळे म्हणतात. दिव्यांच्या माळाही लागल्या.

दुपारच्या ओहोटीला बाबांबरोबर उभी होते. त्यांनी पुटपुटत मोजल्या. "सहा." मी मोजल्या. सात. ते लाँचकडे वळले होते. लाट असेल.

भीतीचं एक विचित्र आहे — ती जागा बदलते. आधी वाटायचं, लोकांना कळेल. आता वाटतं, कळणार नाही.

२९ डिसेंबर

बाबांनी लाँच सोडली. स्वतःहून. साहेबांना फोन करून म्हणाले, "चौकशी संपेपर्यंत दुसरा माणूस द्या. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही." इतक्या शांतपणे, जसं कुणी दुकान बंद असल्याचं सांगावं.

आई मोरीत नळ सोडून रडली. मला ऐकू आलं. मी वर बसून पाहुण्यांच्या खोलीचा गळका नळ दुरुस्त केला.

३० डिसेंबर

बदली कप्तान आला. माझ्याच वयाचा. चांगला वाटतो, आणि हेच वाईट! बाबांना वाकून नमस्कार केला. "काका, इथली काही खास गोष्ट?"

"एकच. सात कोरड्या — निघ. आठवी दिसली — थांब."

त्याने मोबाइलवर लिहून घेतलं.

उद्या अमावास्येची ओहोटी. नीचांक चार वाजून पाच मिनिटांनी. परतीची शेवटची लाँच पाणी चढायला लागल्यावर. तिकिटं चौसष्ट गेली आहेत. दुप्पट वजन, म्हणजे लाँच आणखी खाली बसणार. वारा वायव्येचा सांगितलाय. त्या दिवशी मोठी लाट नव्हती म्हणून नुसती टेकली. लाट असताना टेकली आणि आडवी झाली तर?

गणित तीनदा केलं. तीनदा तेच.

३१ डिसेंबर

हात अजून गार आहेत. क्रमाने लिहिते.

पाच वाजता जेट्टीवर गर्दी. लोकरीच्या टोप्या, पिशव्या, कुणीतरी भोंगा वाजवत होतं. लाँच भरत आली. बाबा कोट घालून कठड्याशी. ड्यूटी नाही, तरी आलेच. पाणी हळूहळू चढत होतं. पाच वीसला आठवी पायरी बुडाली.

बदलीवाल्याने लाँचवरून विचारलं, "काका, किती?"

बाबांनी मोजल्या. एकदा, मग बोट दाखवून पुन्हा. त्यांचा आवाज फाटला. "सात. पण... तू बघ बाबा. तूच मोज."

"सातच आहेत काका. सोडू का?"

"सोडू नका."

हे मी बोलले. इतक्या हळू की कुणाला ऐकू गेलं नाही. मग ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते.

"सोडू नका! पायऱ्या चुकीच्या आहेत. जुन्या वीसच्या होत्या, या चोवीसच्या. मीच केल्या. सात म्हणजे सात नाहीत. सहावीला पाणी लागेपर्यंत थांबा!"

भोंगा थांबला. मी टेप काढली, पायरीला लावली आणि बदलीवाल्याला दाखवली. त्याने वाचलं. मग मागे वळून लोकांना सांगितलं, "अर्धा तास थांबायचंय. थंडी वाजत असेल त्यांनी खाली बसा."

एवढंच. कुणी शिव्या दिल्या नाहीत. फक्त मावशी खिडकीतून किंचाळली — "बघा! मी काय सांगत होते? माझे गुडघे खोटं बोलत नाहीत!"

बाबा तिथेच पायरीवर बसले. पायरीवरून हात फिरवत राहिले, एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मला वाटलं, आता विचारतील — कधीपासून माहीत होतं? ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे!"

पाच अठ्ठेचाळीसला लाँच सुटली. बांधावरून अलगद गेली. चौसष्ट.

२ जानेवारी

साहेबांना सगळं लेखी दिलं. ऑर्डर थांबली. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही. भीती वाटायला हवी, वाटत नाही. भूक लागली!

बाबांना दहा तारखेपासून लाँच परत. आईने फोन ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "तेरा दिवस गप्प बसलीस?" मी हो म्हटलं. "बापाला दाणे मोजताना बघत?" हो. ती आत गेली. मग माझं पान वाढून आणलं. 

बाबा बोलले. "इंजिनीअरबाई, सही करताना एकदा ओहोटीला येऊन बघायचं होतंस." बस. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

संध्याकाळी अंगणातून शीळ ऐकू आली.

४ जानेवारी

पाहुणे गेले. चादरी धुतल्या. बेट रिकामं, थंड, ओळखीचं. बाबा गणवेशाची बटणं घट्ट करत बसलेत. रस्त्यात भेटेल त्याला सांगतात, "अठ्ठावीस सेंटिमीटर! पोरीच्या चुकीमुळे मला वाटलं, मी गेलो कामातून!" आणि पोट धरून हसतात. माझी चूक ते जेट्टीभर पेढ्यासारखी वाटताहेत.

६ जानेवारी

चौकशीचे कागद आले. मला उत्तर द्यायचंय म्हणून. त्यात जेट्टीखालच्या यंत्राची नोंद आहे, पाण्याच्या पातळीची, मिनिटामिनिटाची. सतरा डिसेंबर, पाच बेचाळीस: वरून एकशे पंचाण्णव.

एकशे अडुसष्ट नाही.

एकशे पंचाण्णव म्हणजे नव्या पायऱ्यांनीही आठ कोरड्या आणि नववीची कड उघडी. बाबांनी सात मोजल्या. बावीस मिनिटांचा हिशेब आता जुळतो. वारा नव्हता. अठ्ठावीस तारखेला लाटही नव्हती. पहिल्या दिवशी लिहिलेला सहावा मुद्दा चूक होता. मला माहीत नव्हतं.

बाबांचे सात आणि यंत्राचे एकशे पंचाण्णव, दोन्ही आकडे एकत्र बघितलेली मी एकटीच. खाली शीळ चालू आहे.

साहेबांना पाठवलेल्या पत्राची नक्कल:

"पायऱ्यांची चूक माझी आहे, ती मी मान्य केलेली आहे. पण सतरा तारखेला लाँच केवळ त्या चुकीमुळे अडकली नाही. सोबत पातळीची नोंद आणि माझं गणित जोडलं आहे. कप्तान माझे वडील आहेत. दहा तारखेला लाँच त्यांच्या ताब्यात देण्याआधी त्यांच्या डोळ्यांची आणि स्मरणाची तपासणी करावी. त्यांना हे मी स्वतः सांगेन. तपासणी कधी आणि कुठे, ते कृपया आठ तारखेपर्यंत लेखी कळवावे."