पुलावरची उसनी जोडी

ती. फुसाएताईस,

धाकट्या कियोझोचा वाकून नमस्कार. तोने नदीच्या अलीकडे थंडी पडली. पलीकडेही पडली असेलच, तिला कुठे होडी लागते? तुझे गुडघे काय म्हणतात? मी ठणठणीत आहे (खोकला सोडून, खोकला मी धरत नाही).

पत्रास कारण, नव्या पुलाचं उद्घाटन झालं आणि त्यात या वयात माझी जोडी जमवली गेली. रीत तुला ठाऊकच आहे. पहिली पावलं एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या जोडप्यांनी टाकायची. आमच्या काठाला असं घर एकच, शेजारच्या इसोगाईंचं. ऐन सकाळी इसोगाईआजोबांची कंबर धरली (किमोनोचा पट्टा बांधताना, तरी रुबाब सुटत नव्हता) आणि समितीवाले माझ्या दारात! गावात रिकामा म्हातारा मीच ना! म्हटलं, "अहो, मी विधुर. पुलाला अपशकुन व्हायचा." अध्यक्ष म्हणाले, "पूल सिमेंटचा आहे. टोपी खाली ओढा, कोण बघतंय!"

मग काय, इसोगाईंचा आखूड किमोनो घालून, नडग्या वाऱ्यावर सोडून मी त्यांच्या बायकोशेजारी, तोमेआजींशेजारी, चालू लागलो. बाई सगळी वाट पुटपुटत होत्या, "सरळ चाला. आमचे हे असे बदकासारखे चालत नाहीत." मागे मुलगा-सून, नातू-नातसून खुसुखुसू हसत होते. लोक म्हणाले, किती सुखी घर! मधोमध तुमच्या काठाची मंडळी भेटली, फोटोवाला ओरडला, आणि तोमेआजींनी सवयीनं हात वर करून माझा गळपट्टा सारखा केला. ताई, माझी याएको गेल्यापासून माझ्या गळ्याशी कुणाचा हात आला नव्हता. वाऱ्यावर खापर फोडून मी डोळे पुसले. आजी म्हणाल्या, "आमचे हे रडतही नाहीत हो."

नंतर जेवणावळीला खऱ्या आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं. मी किमोनो परत केला आणि घरी आलो. दारात "आलो गं" म्हटलं. (सवय.)

तुझा,
कियोझो

ता. क. काळजी करू नकोस. माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं.

ता. क. दुसरा. रोज म्हणजे, काल पोस्टमन आला होता. इसोगाईंचं घर समजून.

ता. क. तिसरा. भावजी गेल्यापासून तुझी मागची खोली बंदच असते ना? गादी माझी मी आणली आहे. पत्र पोस्टात टाकलं असतं, पण तू "नको" कळवलं असतंस तर? म्हणून पुलावरच्या बसनं ते मीच घेऊन आलो. आत्ता तुझ्यासमोर उभा आहे तो मीच. वाचून झालं असेल, तर आत ये म्हण.