नैवेद्याआधीचं पुरण

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

जानेफळ, २८ जुलै २०२५

ती. पुष्पाताईंच्या पायी भावजय जयमालाचा नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. सोयाबीन गुडघ्याला लागलं आहे. सूनबाई डिंपलनं शिवणाचं मशीन घेतलं, दिवसभर घरात खडखड चालते.

फोनवर सांगता आलं असतं, पण इथे फोन म्हणजे सगळ्या घराचा. यंदा तुमच्या महालक्ष्म्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक दुसऱ्या कोणाला सांगावा. एकोणीस वर्षं लोणारला येऊन मी केला, देवीनं करून घेतला. आता कंबर धरते. शालूबाईंचा हात चांगला आहे, त्यांना विचारावं. राग मानू नये.

मास्तरांना नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

आपली,
जयमाला

लोणार, ३ ऑगस्ट

चि. सौ. जयमालास पुष्पाताईचे पोटभर आशीर्वाद.

कंबर धरते म्हणे! चैत्रात गव्हाचं पोतं एकटीनं सरकवलं तेव्हा कुठं गेली होती ही कंबर? आणि शालूबाईची पुरणपोळी पाट्यावर आपटली तरी तुटत नाही, हे तूच मले सांगितलं होतं. आता तिचा हात चांगला झाला काय?

मी डिंपलले फोन केला. आधी तिनं टाळलं, मग रडली. तू देवघरापुढं पडली म्हणे, हातातला तांब्या पार उंबऱ्यापर्यंत गेला. आई काहीच सांगत नाहीत, असंही म्हणाली. काऊन लपवून राह्यली? तुले शुगर आहे हे सहा वर्षांपासून साऱ्या गावाले ठाऊक आहे. नवीन काय झालं ते लिही. नाही लिहिलं तर एसटी धरून मीच येते.

रागावलेली, तरी तुझीच,
पुष्पा

जानेफळ, ८ ऑगस्ट

ती. ताईंना नमस्कार.

तुमच्यापासून काय लपवू? ज्येष्ठापासून इन्शुलिनची सुई लागली. सकाळी सातला टोचायची आणि अर्ध्या तासात खायचं, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. पण लग्न होऊन आले तेव्हापासून पूजेआधी मी तोंडात काही घातलेलं नाही. त्या दिवशी सुई घेऊन पूजेला बसले, आरतीपर्यंत दरदरून घाम फुटला, आणि पडले.

सुईचं दुखत नाही, ताई. ज्या बोटातून तपासणीचं रक्त काढायचं त्याच बोटानं देवाला गंध लावायला मन धजत नाही. आणि देवाआधी जेवायचं, तर मग मी त्याची कोण राहिले? डिंपल माझा घासन्‌घास मोजते, बिचारी काळजीनंच, पण जेवण नको होतं. तुमचे भाऊ माझ्यासाठी फिका चहा पितात. काढा प्याल्यासारखं तोंड करतात आणि वर छान झाला म्हणतात. हसू येतं, मग आत जाऊन रडते.

सोवळ्यातली बाई नैवेद्य होईपर्यंत उपाशी असते. ते मला जमणार नाही, आणि खाऊन मी त्या चुलीपाशी बसणार नाही. म्हणून नाही म्हटलं. एवढं सोडून काहीही सांगावं.

आपली,
जयमाला

लोणार, १३ ऑगस्ट

चि. सौ. जयमालास,

पत्र तीनदा वाचलं. मास्तरांनी चष्मा मागितला तर दिला नाही, मी डोळे पुसत होते.

आता ऐक. महालक्ष्म्या आपल्याकडे कशाले येतात? तीन दिवस माहेरपणाले. मी जानेफळले येते तेव्हा तू उपाशी राहून मले वाढलेलं मले आवडते काय? पहिल्या घासाआधी मी तुझं ताट कुठं आहे ते विचारते. मग त्या दोघी काय माझ्यापेक्षा कठोर आहेत? तू ये. सकाळी भाकर-भाजी झाकून ठेवीन, ती खाऊन मगच चुलीपाशी बस. कोणी काही म्हटलं तर मी पाहून घेईन. माझ्या भावाले, गोकुळले सांग, बहिणीचा हुकूम आहे, आणून सोड.

वाट पाहणारी,
पुष्पा

जानेफळ, ५ सप्टेंबर

ती. ताईंच्या पायी नमस्कार.

घरी सुखरूप पोचलो. पण चार दिवस अन्न गोड लागत नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही झाकून ठेवलेली भाकर मी खाल्ली नाही. खाल्ली असं तुम्हाला खोटं सांगितलं आणि ताटली फडताळात सरकवली. वाटलं, एक दिवस निभेल. सुई मात्र घेतली होती. सवाष्णींना यायला उशीर झाला, नैवेद्य लांबला. शेवटच्या पोळ्या राहिल्या होत्या, तर हात थरथरायला लागले, लाटणं धरवेना, डोळ्यांपुढं तवा हलायला लागला. हाक मारायला आवाज फुटेना. समोर पुरणाचं पातेलं होतं.

ताई, मी त्यातलं पुरण खाल्लं. उभ्यानं, हातानं, दोन मुठी. जरा वेळानं जीव जाग्यावर आला. मग हात धुऊन उरलेल्या पोळ्या केल्या आणि कोणाला काही बोलले नाही. त्याच पुरणाचा नैवेद्य गेला. तुमच्या घरच्या देवी माझ्यामुळं उष्टं जेवल्या. जो दंड सांगाल तो घेईन, पण मला तोडू नका.

अपराधी,
जयमाला

लोणार, १० सप्टेंबर

चि. सौ. जयमालास,

वेडे, मी दारात उभी होते.

पाणी मागायले तू बाहेर आली तेव्हाच तुझा चेहरा पांढराफटक दिसला. फडताळ उघडलं तर भाकर तशीच. साखरेचा डबा घेऊन धावले, तर तू पातेल्यात हात घातलेला. आत आले असते तर लाजेनं तोंडातलं थुंकून टाकलं असतं तू. म्हणून तुझा हात थरथरायचा थांबेपर्यंत दाराआड राहिले. मग त्याच पातेल्यातून नैवेद्याच्या वाट्या मी माझ्या हातानं भरल्या. माहीत असून भरल्या. दोष असला तर तो माझ्या नावावर.

आता दंड. रोज सकाळी सुईनंतर आधी खायचं, मग देवघर. आणि मोठ्या ननंदेशी खोटं बोलली म्हणून महिनाभर दर सोमवारी मले पत्र लिहायचं, सकाळी काय खाल्लं ते खरं खरं.

निरोपाच्या दिवशी मुखवटे डब्यात ठेवताना धाकटीच्या ओठाशी पुरण लागलेलं दिसलं. पदरानं पुसलं. तुझ्याही ओठाशी होतं त्या दिवशी. तेवढं पुसायचं राहून गेलं.

तुझ्या ताटाकडं इथून पाहणारी,
पुष्पा